उजवं बटण कुठं गेलं?

रात्रीचे साडेअकरा. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, एक्सेलची शीट, आणि मला मध्ये फक्त एक ओळ घुसवायचीय. एक! राइट क्लिक, इन्सर्ट, विषय संपला. पण माऊसचा सेल नेमका आत्ताच मेला. मग काय, लॅपटॉपचा ट्रॅकपॅड.

उजव्या कोपऱ्यात दाबलं. साधं क्लिक झालं. आणखी उजवीकडे दाबलं, तर दाबता दाबता कर्सरच घसरला आणि मेनू उघडला भलत्याच ओळीवर. तिसऱ्या वेळी शीट एवढी झूम झाली की आख्ख्या स्क्रीनवर फक्त ‘थकबाकी’. चौथ्या वेळी एका फ्लॅटचे पैसे उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकले. कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, कंट्रोल झेड.

‘मामा, दोन बोटांनी टॅप कर ना,’ भाची म्हणाली, मोबाइलमधून डोकं वर न काढता. अगं, तेच करतोय! दोन्ही बोटं एकदम टेकली तर राइट क्लिक. एक जरा आधी टेकलं तर साधं क्लिक. टेकून किंचित सरकली तर स्क्रोल. फाकली तर झूम. ह्या चारांत फरक केसाएवढा, आणि तो सांभाळायचा मे महिन्यात, घामेजल्या बोटांनी. त्या पॅडला बोट कळतं ते विजेच्या सूक्ष्म बदलावरून. बोट ओलं असलं की त्याचंही डोकं फिरतं, आणि माझंही.

जुन्या लॅपटॉपला पॅडखाली दोन बटणं असायची. खरीखुरी, मध्ये फट असलेली. अंधारातही अंगठ्याला कळायचं, इथं डावं संपलं, इथं उजवं सुरू. ॲपलने २००८ साली मॅकबुकचं बटणच काढून टाकलं, आख्खा पॅडच बटण केला. बरं, त्यांचं एक वेळ समजू शकतो, १९८४ च्या मॅकिंटॉशच्या माऊसलाही एकच बटण होतं. घराण्याची रीत! पण उजव्या क्लिकवर सगळा संसार मांडला तो विंडोज ९५ ने. मग विंडोजचे लॅपटॉप बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं होतं ॲपलचं बघून ती फट बुजवायला? माऊस शोधणाऱ्या डग्लस एंगलबार्टने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माऊस दाखवला तेव्हा त्याला तीन बटणं होती. तीन! आणि आता माझ्यासमोर गुळगुळीत पाट. त्यातही त्या पाटाची बिजागरी वरच्या कडेला, म्हणून वरच्या बाजूला कितीही दाबा, ढिम्म.

‘मग शिफ्ट एफ टेन दाब,’ पुन्हा सोफ्यावरून. दाबलं. स्क्रीनचा उजेड वाढला. कारण ह्या लॅपटॉपवर एफ टेन हवं असेल तर फंक्शनची कळही धरायची. म्हणजे तीन कळा एकदम. पेटी शिकायला बसलोय का मी?

शेवटी उठलो, स्टुलावर चढलो आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून माऊसमध्ये घातला. राइट क्लिक. इन्सर्ट. दोन सेकंद लागले.

घड्याळ पावणेबाराला थांबलंय. सकाळी बायको विचारेल तेव्हा बघू.