७,१०० वेळांचा अर्धा हिशेब

‘कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरलीत तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी, नाहीतर पर्यावरणाचं नुकसानच.’ हा फॉरवर्ड आत्यापर्यंत पोचला आणि तिने पिशव्या माळ्यावर टाकल्या. आता मंडईतून पातळ पिशव्यांचा झुबका घेऊन येते. नाहीतर असल्या मजकुराला उत्तर देत बसलो नसतो.

आकडा खोटा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अहवालातला आहे. पण तो सगळ्या निकषांतला सर्वांत वाईट, ओझोनच्या थराचा निकष धरून काढलाय. नुसतं हवामानबदलाचं पाहिलं तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीला ५२ वापर पुरतात. आठवड्याचा बाजार धरला तर एक वर्ष! हे फॉरवर्डवाल्याला दिसलं नाही?

आणि तुलना कशाशी, तर तिथल्या सुपरमार्केटातल्या पिशवीशी. ती नंतर कचऱ्याच्या डब्यात लावतात आणि कचऱ्यासकट भट्टीत जाळतात. पिशव्या उघड्यावर पडून होणारं नुकसान डेन्मार्कपुरतं नगण्य मानून सोडून दिलंय. २६ जुलै २००५ला तुंबलेले नाले पाहिलेल्या मुंबईकराला हे सांगून बघा. मुख्य म्हणजे अहवालातली पिशवी नव्या कापसाची. आत्याच्या पिशव्या जुन्या परकरांच्या आहेत. त्यांच्यासाठी कोणी वेगळा कापूस पिकवला नव्हता.

हां, दर परिषदेत, दर लग्नात छापील नवी कोरी पिशवी वाटणाऱ्यांना तो आकडा जरूर ऐकवा. तेवढं मान्य.

असेच आणखी काही दावे कानावर येतात. ‘ऑफिसात कागदी कप वापरा, प्लास्टिकमुक्त.’ चहा गळत नाही तो आतल्या प्लास्टिकच्या थरामुळे. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना अशा कपातल्या १०० मिलि गरम पाण्यात पंधरा मिनिटांत प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण सापडले. टेबलावर स्टीलचा पेला ठेवायला काय होतं?

‘खरा कचरा कंपन्या करतात.’ करतात, त्यांनाही धरा. पण कोथिंबिरीच्या जुडीला वेगळी पिशवी कंपनी मागत नाही.

‘दुकानदार देतो म्हणजे चालतं.’ नाही चालत. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग २०२२ संपल्यापासून देशभर बंद आहे. महाराष्ट्रात तर २०१८पासून जाडी कितीही असली तरी बंदीच, आणि पहिल्या वेळी पकडलं तर दंड ५,००० रुपये. फॉरवर्डमध्ये हा आकडा मात्र कुठेच नाही.