उठून निघालात म्हणून ३०० रुपये सोडले, त्याला फसवणूक म्हणू नका

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलानं वाचून दाखवला. तुम्हाला ताटकळावं लागलं आणि माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं, त्याबद्दल माफी मागतो.

दोन स्टार दिलेत, तो तुमचा अधिकार. जागा अरुंद आहे, बसायला एकच स्टूल आहे, हेही खरं. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "आम्ही उठून निघालो तेव्हा लगेच ३०० रुपये कमी केले, म्हणजे आधी फसवतच होते. मोडीत दिलेल्या जुन्या हंड्याचं वजनही कमी दाखवलं. इथे घासाघीस येत असेल तरच जा." फसवणूक हा शब्द मला झोंबला. वडिलांच्या वेळेपासून तुळशीबागेच्या या बाजूला आमचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळी तोंडावर आली असताना तो शब्द वाचून नवं गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. म्हणून सगळा हिशेब इथेच मांडतो.

तुम्ही पितळेची कढई आणि पातेलं घेतलंत. कढई २ किलो ३०० ग्रॅम, पातेलं १ किलो ७०० ग्रॅम, मिळून ४ किलो. भाव ८५० रुपये किलो, म्हणजे ३,४०० रुपये. दोन्हींच्या कल्हईचे ५००. एकूण ३,९००. हा आकडा मी पहिल्यांदा सांगितला आणि शेवटपर्यंत त्याच्या वर गेलो नाही.

या ३,९०० मध्ये माझं काय असतं, ते बघा. पितळ मला घाऊक बाजारातून वजनावर घ्यावं लागतं. ते तांबं आणि जस्त मिळून होतं, आणि तांब्याचा भाव यंदा चढाच आहे. घडलेलं भांडं दुकानात येईपर्यंत किलोला ७२० रुपये पडतात. कल्हईचे पैसे कल्हईवाल्याचे. कथील महाग, नवसागर, कोळसा, आणि दिवसभर धुरात बसणं. ते पैसे मी कापू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "कल्हई फुकट करून द्या किंवा राहू द्या." राहू देऊन चालत नाही ताई. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी कळकते. मग तुम्ही परत माझ्याकडेच आला असता, आणि रास्त रागानं आला असता.

तर माझ्या वाट्याला किलोमागे १३० रुपये, ४ किलोचे ५२०. त्यातून दुकानाचं भाडं, वीज आणि मदतनीस पोराचा पगार. त्यातले ३०० तुम्हाला सोडले, २२० उरले. तुम्ही पायरी उतरलात तेव्हा भाव अचानक खरा झाला, असं नाही झालं. पाऊण तास बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी माझ्या पदरचं सोडलं. तुम्ही हसून "बरं झालं" म्हणालात, मलाही बरं वाटलं. घरी जाऊन त्याच ३०० रुपयांचा पुरावा माझ्याविरुद्ध केलात, हे मनाला लागलं.

आता मोड. तुमच्या सासूबाईंचा हंडा तुम्ही घरी तोलला तेव्हा ३ किलो ४०० भरला होता, असं लिहिलंत. आमच्याकडेही तेवढाच भरला, तुमच्यासमोर. पण त्याला लोखंडी कडी होती आणि बुडाला जुन्या डागाचा, म्हणजे शिशाच्या जोडाचा, जाड थर होता. पितळेच्या भावानं लोखंड आणि शिसं कोणी घेत नाही, पुढे आमच्याकडूनही घेत नाहीत. ते काढल्यावर ३ किलो १०० भरला. ५२० रुपये किलोनं १,६१२ रुपये तुमच्या बिलातून वजा केले. काढलेली कडी मी कागदात बांधून तुमच्याच पिशवीत ठेवली आहे, बघा. आमचा इलेक्ट्रॉनिक काटा वैध मापन शास्त्राच्या निरीक्षकाकडून दर वर्षी तपासून शिक्का मारून घेतलेला असतो आणि प्रमाणपत्र गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे. काटा मारल्याचा संशय भांडीवाल्यावर येणं म्हणजे काय, हे बाहेरून कळणार नाही.

जीएसटीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मीही थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पितळ-तांब्याच्या घरगुती भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि बिलात ५ टक्केच आहे. ३,६०० वर १८० रुपये. मोड वजा करून उरलेल्या रकमेवर कर लावायला हवा होता, हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण नियमाला पटत नाही. जुनी वस्तू देऊन नवी घेतली तरी कर नव्या वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागतो. "बिलच नको, मग कर सोडा" हे मात्र मी करत नाही. त्यावरूनच माझा आवाज चढला असं तुम्हाला वाटलं असेल. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती आणि तुम्ही बहिणीला फोनवर भांडी दाखवत होतात, मला मोठ्यानं बोलावं लागलं.

फोनवर तुम्ही ऑनलाइनची कढईही दाखवली होती, १,१९९ रुपयांची, आणि म्हणालात की तुमची इतकी महाग कशी. त्या पानावर खाली बारीक अक्षरात वजन होतं, १ किलो १०० ग्रॅम. म्हणजे किलोला जवळजवळ १,०९० रुपये. आमची ८५० ची. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, पण पातळ पत्र्याच्या कढईत भाजी लागते आणि काही वर्षांत तिला पोचे पडतात. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. अभिप्रायात ते आलं नाही.

मला घासाघिशीचा राग नाही, हे मनापासून लिहितो. काटकसरीनं घर चालवणाऱ्या माणसानं भाव केलाच पाहिजे, माझी आईही भाजीवाल्याशी करायची. फक्त जागा कुठे आहे ते ओळखून करा, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल. धातूच्या भावात आणि करात जागा नसते. आमच्या वाट्यात असते. दोन-तीन भांडी एकदम घेतलीत तर मी आपणहून सोडतो. वाहतुकीत पोचा आलेलं भांडं असतं, ते विचारा, चांगलं स्वस्त पडतं. कुकरसारख्या बंद खोक्यातल्या मालावर छापील किंमत असते, त्याच्या वर कोणी घेऊ शकत नाही पण खाली देऊ शकतो, तिथे बिनधास्त मागा. क्रेडिट कार्डावर आमचे दीड-दोन टक्के कापले जातात, बँकेतून थेट यूपीआय केलंत तर ते वाचतात, त्यातले तुम्हाला देता येतात. मात्र भाव ठरला, भांड्यावर नाव घालून झालं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, की अवघड होतं. नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

पितळ आणि तांब्याचा रोजचा भाव आणि मोडीचा भाव फळ्यावर लिहून बाहेर लावायचं मुलाच्या मनात आहे, दिवाळीच्या गडबडीतून जमेल तसं करतो. बसायच्या जागेचंही बघतो.

तुम्ही बिल घेऊन एकदा या. भांडी पुन्हा तोलून दाखवतो. कल्हई कुठे राहिली असेल तर पुन्हा करून देतो, पैसे नाही. आणि हिशेब पटला तर तो एक शब्द तेवढा काढा, दोन स्टार राहू द्यात. दुकान सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ उघडं असतं. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात शक्यतो दुपारी या, तेव्हा नीट बसून बोलता येईल.