भावी उपमुख्यमंत्री

आज सकाळी स्टँडसमोरच्या चौकात फ्लेक्स पाहिला. 'भावी उपमुख्यमंत्री'! खाली पंचवीस-तीस शुभेच्छुकांची मुंडकी. अरे, स्वप्नच बघायचं तर पुरतं बघा की. 'उप'ची कसली स्वप्नं पडतात तुम्हाला?

आमचे अण्णा गावचे उपसरपंच होते. टोपी आणि सायकल, बास. सरपंच आजारपणात दोन महिने मुंबईला होते, तेव्हा मासिक सभेला अध्यक्ष म्हणून अण्णा बसले. कुणाची मनधरणी नाही, कुणाचं पत्र नाही. ग्रामपंचायत कायद्यातच तसं लिहिलंय.

आणि यांचं? घटनेचं १६४वं कलम काढून बघा. मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री औषधालासुद्धा नाही. १९८९ साली देवीलाल शपथ घेताना 'मंत्री' सोडून 'उपपंतप्रधान' म्हणाले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, ते नुसतं वर्णन, माणूस मंत्रीच. मुख्यमंत्री परदेशी गेले तर कारभार आपोआप याच्याकडे येतो, असंही नाही. म्हणजे आमच्या अण्णांना होतं तेवढंही यांना नाही. पण ताफा बघा ताफा!

आपल्याकडे हे पद आलं १९७८ साली, दोन काँग्रेसच्या मोडक्या संसारात. वसंतदादा मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिन्यांत खेळ खलास. तेव्हापासून रुसलेल्या व्याह्याला द्यायचा हा आहेर. आंध्रात तर २०१९ला एकदम पाच जणांना दिला. पाच! पंगतच बसवली.

बरं, आघाडी चालवायची तर कुणाला तरी गोंजारावं लागतं, मान्य. सरदार पटेलही उपपंतप्रधान होते म्हणाल. होते. पण गृहखातं त्यांच्याकडे होतं, संस्थानांचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि मुळात ते पटेल होते.

यशवंतरावांचं मात्र वाईट वाटतं हो. १९७९ला चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, आणि ते सरकार लोकसभेला सामोरंसुद्धा गेलं नाही. अण्णांनी साहेबांचा फोटो भिंतीवरून कधी काढला नाही, पण त्या पदाचं नावही कधी काढलं नाही. 'महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री' एवढंच आम्हाला सांगायचे.

त्या दोन महिन्यांत गावातल्या पोरांनी अण्णांच्या नावाची पाटी रंगवून आणली होती, मोठ्या अक्षरात 'उपसरपंच'. ती माळ्यावरच पडून राहिली. दारावर का लावत नाही, असं आईने एकदा विचारलं. सायकल पुसता पुसता म्हणाले, "सरपंच आलेत की आता परत."