दान आपलं, खुर्चीही आपलीच

"अमेरिकेनंसुद्धा आता रंग बघून मदत देणं बेकायदा ठरवलं. आपल्याकडे मात्र अजून जात विचारूनच शिष्यवृत्त्या वाटतात." आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मजकूर पुण्याहून आला आणि त्यावर पहिले अंगठे उठले ते न्यू जर्सी आणि टेक्सासमधून. बॅचचा एक छोटा निधी आहे, पालघर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकलेल्या मुलामुलींसाठी. तो कुणाला आणि कसा द्यायचा यावर वाद चालू होता, त्यात कुणीतरी हा अमेरिकेचा दाखला आणून ठेवला. मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि इथलं हे प्रकरण जवळून बघतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ भानगड अटलांटाची. फिअरलेस फंड ही कृष्णवर्णीय स्त्रियांनी काढलेली गुंतवणूक संस्था. नव्या धंद्यांमध्ये जे जोखमीचं भांडवल ओतलं जातं, त्यातला एक टक्काही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला येत नाही. म्हणून या संस्थेनं अशा उद्योजिकांसाठी 20,000 डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा सुरू केली. ऑगस्ट 2023 मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेनं तिच्यावर दावा लावला. हार्वर्डच्या प्रवेशातला वंशाचा विचार सुप्रीम कोर्टातून बंद करून घेणारे ते हेच ब्लम. आधार घेतला 1866 च्या नागरी हक्क कायद्याचा, जो गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांसारखेच करार करता यावेत म्हणून केला होता! जून 2024 मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं स्पर्धेला अंतरिम मनाई केली. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन स्पर्धा कायमची बंद पडली.

म्हणजे न्यायालय एवढंच म्हणालं, की अटी मान्य करून स्पर्धेत उतरणं हा करार आहे आणि करारात वंश बघता येत नाही. सगळं दान बेकायदा ठरलेलं नाही. पण धाक बसला. जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशात, वंश बघून सवलती दिल्याबद्दल कुणाकुणाची चौकशी करता येईल ते सांगताना, 50 कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या फाउंडेशनांचा थेट उल्लेख आहे. मोठमोठ्या संस्थांचे वकील तेव्हापासून जोरात आहेत.

अंगठे उठवणाऱ्यांची मला गंमत वाटते ती वेगळ्याच कारणानं. 1982 मध्ये इथल्या भारतीयांनी लघुउद्योग खात्याकडे अर्ज करून स्वतःला 'सामाजिकदृष्ट्या वंचित' गटांच्या यादीत घालून घेतलं, सरकारी कंत्राटांत सवलत मिळावी म्हणून. ती मिळालीही. मराठी कार्यक्रमांच्या स्मरणिकांमधल्या जाहिरातींत 'मायनॉरिटी-ओन्ड' अशी ओळ दिमाखात छापलेली मी बघतो. कंत्राटाचा फॉर्म भरताना आपण गौरेतर, आणि पालघरला पैसे पाठवताना गुणवत्तेचे राखणदार. असो.

पैसा कोणत्या समाजाला द्यावा, यावर दोन्ही देशांत कडाक्याचं भांडण होतं. तो कशावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण बसलंय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

शिकागोच्या दक्षिण भागात ब्रॉन्झव्हिल ही जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे. तिथे 1929 मध्ये बांधलेली विटांची एक भली मोठी निवासी इमारत उभी आहे, लोक तिला 'रोझेनवाल्ड' म्हणूनच ओळखतात. ज्यूलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स कंपनीचे प्रमुख, जर्मनीहून आलेल्या ज्यू कापडवाल्याचा मुलगा. अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटचे कृष्णवर्णीय प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी 1912 च्या सुमारास दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला घेतल्या. पुढच्या वीस वर्षांत 15 राज्यांत मिळून जवळपास 5,000 शाळा उभ्या राहिल्या. अट अशी, की गावानंही वाटा उचलायचा. रोझेनवाल्ड यांचे गेले सुमारे 43 लाख डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबांनी उभे केले सुमारे 47 लाख. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कापूस पिकवणारी ही माणसं. त्यांनी भरलेला कर गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च व्हायचा, म्हणून स्वतःच्या मुलांसाठी त्यांनी पुन्हा वर्गणी काढली, लाकूड दिलं, अंगमेहनत केली. शाळांना नाव लागलं रोझेनवाल्ड यांचं.

मला जास्त रस आहे तो 1920 मध्ये. तोवर कारभार टस्कीगीतून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संस्थेतून चालायचा. त्या वर्षी तो टेनेसीतल्या नॅशव्हिलला हलवला आणि एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला. तक्रार अशी, की टस्कीगीला हिशेब नीट ठेवता येत नाहीत आणि बांधकामावर लक्ष राहत नाही. तक्रार खोटी नसेलही. वॉशिंग्टन वारले होते, शाळा शेकड्यांनी वाढत होत्या, कारकून मूठभर. पण यावर टस्कीगीला आणखी चार कारकून आणि एक इंजिनीअर देता आला असता. तसं झालं नाही, खुर्चीच हलली. रोझेनवाल्ड माणूस उमदा होता याबद्दल शंका नाही. पैसा पिढ्यानपिढ्या साठवून ठेवू नये म्हणून मुद्दलासकट सगळा निधी संपवायची अट त्यांनी घातली आणि त्यांचा फंड 1948 मध्ये खरोखरच बंद झाला. आजची मोठी फाउंडेशनं कायद्यानुसार वर्षाला मालमत्तेच्या साधारण 5 टक्के वाटतात आणि उरलेली 95 शेअर बाजारात वाढवत बसतात. त्यांच्यापुढे रोझेनवाल्ड फारच मोठे. तरीही नॅशव्हिल झालंच.

त्याच 1920 च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपये दिले. विहीर, वसतिगृह, फी असल्या, दात्याला फीत कापता येईल अशा कामाला दिलेले हे पैसे नव्हते. ते एका तरुण प्राध्यापकाच्या पाक्षिकाला होते, आणि त्यात काय छापायचं हे ठरवणार होता तो अस्पृश्य समाज. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. राजा माणूस, मनात आणलं असतं तर स्वतःच पुढारी म्हणून मिरवला असता. मूकनायक तीनेक वर्षांतच बंद पडला, हे खरं. आजच्या सीएसआरवाल्यांच्या, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा वाटणाऱ्यांच्या, एक्सेलमध्ये त्या 2,500 रुपयांची नोंद 'उद्दिष्ट साध्य नाही' अशी झाली असती.

आणि मग 1932. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला, जो पुढे हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर बाप्पा. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या आंबेडकरांनी नोव्हेंबरमध्ये बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. शाळा, वाचनालयं, दारूबंदी अशानं फारतर माणसं एकेकटी सुधारतील. संघानं विहिरी, चावडी, गावची शाळा यांवरचा हक्क मिळवण्यासाठी मोहीम उघडावी, गिरण्यांतल्या ज्या खात्यांत अस्पृश्यांना घेत नाहीत ती खाती उघडावीत, आणि कामाला माणसं मुख्यतः अस्पृश्यांमधूनच घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. संघाचा कारभार अस्पृश्यांच्या हाती का नाही, याला गांधीजींचं उत्तर होतं, की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पाप त्यांचं, पैसा त्यांचा, तेव्हा कामही त्यांनीच करायचं. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही, त्यात वजन आहे. पण मग त्या पैशाचा हिशेब लागतो तो देणाऱ्याच्या मनःशांतीशी. विहीर उघडली की नाही, हा प्रश्न मागे पडतो.

पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, 2020 च्या उन्हाळ्यापासून, इथे जे चाललं आहे तो बराचसा याच भांडणाचा पुढचा अंक आहे. अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी त्या डिसेंबरात एका झटक्यात 384 संस्थांना 4.2 अब्ज डॉलर वाटले. त्यात कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक विद्यापीठं होती, आणि कशावर खर्च करा याची अट नव्हती. कौतुक वाटावं असंच. पण कुणाला द्यायचं हे बंद दाराआड ठरायचं. संस्थांना ईमेल आली की कळायचं. यावर टीका झाली आणि पुढे स्कॉट यांनी खुले अर्ज मागवले. 6,353 संस्थांनी अर्ज केले, पहिली छाननी अर्जदार संस्थांनीच एकमेकांची केली, आणि मार्च 2024 मध्ये 361 संस्थांना मिळून 64 कोटी डॉलर गेले. खुर्ची पूर्ण सोडली असं नाही, पण सरकवली.

आता घरचं. कंपनी कायद्यानं 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. पण कंपनीनं बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेकडे आयकर खात्याचं 12ए हवं, 80जी हवं, कंपनी व्यवहार खात्याची सीएसआर-1 नोंदणी हवी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. पालघरातल्या जव्हारच्या पाड्यावर मुलींना अकरावीला पाठवण्यासाठी धडपडणाऱ्या गटाकडे यातलं काय असणार? पैसा मग पुण्या-मुंबईच्या संस्थेला जातो आणि ती पाड्यावर 'राबवते'. परदेशी पैशाचं तर आणखी अवघड. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनं एका संस्थेनं परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं. म्हणजे मोठीनं घ्यायचं आणि गावातल्या दहा छोट्या गटांना वाटायचं, ही वाटच मिटली. यात एक मजा आहे. आमच्या बॅचमधला जो अजून भारतीय पासपोर्ट धरून आहे, त्यानं बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले शंभर डॉलर देशी ठरतात. मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे माझे शंभर डॉलर परदेशी ठरून या कायद्याखाली येतात.

निधीच्या समितीत आम्ही पाच जण. तिघं अमेरिकेत, एक पुण्यात, एक ठाण्यात. समितीला टॅब्लेट आणि इ-लर्निंगची खोली द्यायची होती. जव्हारच्या गटानं मागितलं होतं ते नाशिकमध्ये मुलींना राहायला खोलीचं डिपॉझिट, एसटीचं भाडं आणि जात पडताळणीसाठी माराव्या लागणाऱ्या खेपांचा खर्च. शाळा शिकवत नाही, ही त्यांची तक्रार नव्हतीच. दहावीनंतर राहायचं कुठे, हा प्रश्न होता. हे शिकागोत बसून सुचणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर कोथरूडमध्ये बसूनही नाही.

दानाची सूत्रं गौरेतरांच्या हाती द्या म्हणणाऱ्या इथल्या चळवळीच्या नजरेतून एक गोष्ट मात्र सुटते, आणि ती आपल्या पथ्यावर पडते. 'गौरेतरांचं नेतृत्व' या रकान्यात भारतीयांनी चालवलेली संस्था सहज बसते, मग ती चालवणारे कोणत्या जातीचे हे कोण विचारतं? सिअ‍ॅटलनं फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदाला बंदी केली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते अडवलं, आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणून. समाजाच्या हाती सत्ता म्हणताना त्या समाजात कुणाच्या हाती, हा पुढचा प्रश्न आहेच. पालघरातही वारली आणि कातकरी यांची गोष्ट एक नाही, आणि गटाचा पदवीधर अध्यक्ष म्हणजे पाडा नव्हे.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण मला म्हणूनच भावतं. तिथे बाहेरचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावाबरोबर अभ्यासगटात बसले, निर्णय मात्र ग्रामसभेनं सर्वसहमतीनं घ्यायचे. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गावानं बांबू विकून जे कमावलं, ते कुणा दात्याच्या अहवालात फोटोसकट छापण्याजोगं नव्हतं. ती त्यांची कमाई होती.

आमच्या समितीत सध्या अडलंय ते, म्हटलं तर 1920 मध्येच. "त्यांना हिशेब ठेवता येत नाहीत, उद्या ऑडिटला काय दाखवायचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून मी ठराव मांडला आहे: पहिली तीन वर्षं निधीतून गटाला एक हिशेबनीस आणि सीएची फी द्यायची, माणूस त्यांनी त्यांच्यातून नेमायचा, आणि खोली की टॅब्लेट हे मतदान त्यांच्याकडे करायचं. नागरिकत्वाच्या भानगडीमुळे माझा वाटा यात घालता येणार नाही, तो भारतीय पासपोर्टवाल्यांनी उचलावा लागेल. पगाराचा आकडा ठरावात कोरा ठेवलाय. जव्हारमध्ये बी.कॉम. झालेल्या मुलीला महिन्याला काय मिळतं, हे पाचांपैकी एकालाही माहीत नाही.