सगळंच बुलेटमध्ये कोंबू नका

‘वेबवर कुणी वाचत नाही, तेव्हा परिच्छेद मोडून सगळं बुलेटमध्ये टाका. यादीत सातच मुद्दे ठेवा. टिंबाऐवजी हिरव्या टिकमार्कचं इमोजी लावा. प्रत्येक मुद्दा क्रियापदाने सुरू करा.’ हे कार्ड व्हॉट्सॲपवर फिरत फिरत भाचीकडे पोचलं आणि तिने ते एका पतसंस्थेच्या वेबसाइटवर जसंच्या तसं राबवलं.

लोक पान चाळतात, हे मान्य. लोक वेबसाइट कशी वापरतात हे तपासणारे संशोधक मॉर्क्स आणि नील्सन यांच्या १९९७च्या चाचण्यांत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. पण तिथलेच पुढचे आकडे बघा ना! बुलेट वगैरे घालून मजकूर चाळण्याजोगा केला तेव्हा उपयुक्तता ४७ टक्क्यांनी वाढली. नुसते शब्द निम्मे केले तेव्हा ५८ टक्क्यांनी. म्हणजे आधी कात्री, मग टिंबं.

खरं नुकसान करतो तो ‘परिच्छेद मोडा’ हा हुकूम. समजा, मूळ वाक्य असं आहे: ‘पत्त्यासाठी वीजबिल किंवा रेशनकार्ड चालेल, पण भाड्याने राहत असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं वीजबिल, दोन्ही लागतील.’ याच्या बुलेट केल्या की उरतात चार कागद. ‘किंवा’, ‘पण’, ‘तर’ गळून पडतात. मग कुणी चारही गोळा करत बसतो, तर कुणी फक्त भाडेकरार नेतो आणि खिडकीवरून परत येतो. म्हणून यादीच्या डोक्यावर ‘खालीलपैकी कोणतंही एक’ की ‘खालील सर्व’ हे लिहायलाच हवं, आणि भाडेकरूंची यादी वेगळ्या मथळ्याखाली हवी. क्रमाने करायच्या पायऱ्या असतील तर टिंबं नकोतच, आकडे घाला.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरच्या १९५६च्या लेखातून उचललेला. तो लेख तात्पुरत्या स्मरणाबद्दल आहे. यादी तर डोळ्यांसमोरच असते, पाठ कुठे करायचीय? नऊ कागद लागत असतील तर नऊच लिहा. सातात बसवायला ‘फोटो, पॅन व रद्द केलेला चेक’ एका ओळीत कोंबलं की चेक हमखास घरी राहतो. फार तर ओळख, पत्ता, बँक असे गट पाडा.

इमोजीने ओळ सुरू केली की स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) दर वेळी त्या इमोजीचं नाव वाचतो. शिवाय यूएल-एलआय टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधल्या यादीच्या खुणा, नसले तर ही यादी आहे, तिच्यात अमुक मुद्दे आहेत, हे तो सांगूच शकत नाही. मोबाइलवर दुसरी ओळ इमोजीच्या खाली घसरते ती वेगळीच. टिकमार्क हवाच असेल तर टॅग ठेवून सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून, लावा.

क्रियापद आधी, हा इंग्रजीचा नियम. मराठीत ते शेवटी येतं, तिथेच राहू दे. फक्त एकीकडे ‘जोडा’, दुसरीकडे ‘भरावा’, तिसरीकडे ‘सही करणे’ असा गोंधळ नको. आणि प्रत्येक ओळ ‘अर्जदाराचा’नेच सुरू होत असेल तर तो शब्द मथळ्यात न्या.

जाता जाता, त्या कार्डावर ‘नियमः’ असं छापलंय. तो कोलन नाही, विसर्ग आहे.