'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

'स्पष्टवक्ता', नमस्कार.

'माझे आवडते बारा फोटो' या लेखावर रात्री पावणेदोनला टाकलेली तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारापैकी चारच फोटो बरे आहेत. वारीचे फोटो आता पुरे. कृष्णधवल म्हणजे हौशी लोकांचं पांघरूण. बैलगाड्याच्या फोटोखालची तांत्रिक माहिती चुकीची. माणसांची परवानगी घेतली होती का? आणि शेवटी हे वाक्य: "चांगल्या फोटोला गोष्टीच्या कुबड्या लागत नाहीत. फोटोला बोलू द्या, तुम्ही गप्प बसा."

'गप्प बसा'. अहो, मत वेगळं असू द्या, पण ही कुठली बोलण्याची रीत? मी लेखाखाली माझं नाव लिहितो, गाव लिहितो, फोटो कुठे आणि कधी काढला तेही लिहितो. तुम्ही टोपणनावाआड बसून एका साठीच्या माणसाला गप्प करता. स्पष्ट बोलणं वेगळं आणि उर्मट बोलणं वेगळं. हेच तुम्ही स्वतःच्या नावानिशी म्हणाला असतात तर मी तुम्हाला घरी बोलावून मूळ प्रिंट दाखवल्या असत्या.

तुमचं एक बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. बैलगाड्याच्या फोटोखाली मी शटर १/३०, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं, असं लिहिलं होतं. पळत्या चाकाचे आरे इतके स्वच्छ दिसताहेत म्हणजे १/३० शक्यच नाही, तेवढ्या वेळात ते पुसट झाले असते. जुनी वही काढून पाहिली, १/५०० आहे. दुरुस्त केलं. आभार.

आता कुबड्यांबद्दल.

तुम्ही दाखला दिलात फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा. डबक्यावरून उडी मारणारा माणूस, पॅरिसचं साँ-लाझार स्टेशन, १९३२. "त्याने सांगितली का गोष्ट?" असं विचारता. सांगितली, साहेब. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो फोटो काढला, आणि फट एवढी अरुंद होती की स्वतःला धड दिसतही नव्हतं, हे त्यानेच सांगून ठेवलंय. म्हणूनच तर त्या फोटोची डावी बाजू त्याला कापावी लागली, हे आज आपल्याला कळतं.

घराजवळचा दाखला देतो. चरख्याशेजारी वाचत बसलेले गांधीजी, अमेरिकन फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइटने 'लाइफ' मासिकासाठी काढलेला फोटो. तो आपल्या पुण्यातला आहे, १९४६ सालचा. फोटो काढायचा तर आधी सूत कातायला शिका, असं तिला सांगितलं गेलं. खोलीत अंधार, आणि फ्लॅशचे बल्ब वापरायची मुभा फक्त तीन. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केलं. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नसते ते काय लिहितात? येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजी! मी स्वतः छापलेलं वाचलंय. गांधीजींची शेवटची सुटका मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून झाली, हा फोटो त्यानंतर दोन वर्षांनी काढलेला. चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला नसलेला तुरुंग चिकटतो. तुम्ही म्हणता तसा फोटो 'बोलला' असता तर हे झालं नसतं. फोटो बोलत नाही. आपण गप्प बसलो की दुसरा कोणीतरी त्याच्या तोंडी शब्द घालतो.

हे मी पुस्तकं वाचून म्हणत नाही. १९८७ साली मामाचा वापरलेला पेंटॅक्स के-१००० कॅमेरा माझ्या हातात आला. महिन्याला एक रोल परवडायचा, तोही ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. छत्तीस फोटो आणि संपला महिना. चाळीतल्या मोरीत लाल बल्ब लावून, दाराच्या फटीला गोधडी कोंबून मी ट्रेमध्ये कागद हलवत बसायचो. हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या, वासाने आईचं डोकं उठायचं, पण ती कधी बंद कर म्हणाली नाही. कृष्णधवल माझं पांघरूण नाही. माझ्या ऐपतीत तेवढंच होतं आणि त्यातच माझी नजर घडली. एवढं बोललो म्हणजे त्या मुद्द्याचं पुरे.

तर त्या बारातला पाचवा फोटो. दिवे घाट, १९९६. तुम्ही त्याला 'बरा' म्हणालात, आणि गोष्टीने त्याची माती केली असंही म्हणालात. रस्त्याकडेला एक म्हातारी बसली आहे, शेजारी तुळशीवृंदावन, मागे घाटाचा मोकळा रस्ता. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला चढते त्या दिवशीचा. दिंडी पुढे गेलेली. फ्रेममध्ये ती अगदी एकटी दिसते, आणि तशी दिसावी म्हणूनच मी दोन पावलं डावीकडे सरकलो होतो, हेही कबूल करतो.

पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन मी तिला शोधत गेलो. रथामागच्या दिंडीचा क्रमांक तेवढा लिहून ठेवला होता. सासवडच्या मुक्कामात सापडली. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मलाच विचारलं, "ह्यात माझी जाऊ कुठंय? मी काय एकलीच आले व्हते व्हय रं?"

जाऊ पाणी आणायला गेली होती. दोघी अठरा वर्षं जोडीने वारी करत होत्या. माझ्या फ्रेमने तिला बाहेर ठेवलं होतं आणि मला ते कौशल्य वाटत होतं.

यानंतर एका दैनिकाने तोच फोटो माझ्या ओळीशिवाय छापला. २०१७ मध्ये तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. खाली मजकूर होता: 'पोटच्या पोरांनी घराबाहेर काढलेली माउली, शेवटी विठ्ठलच आधार.' एका रात्री मला तिच्या नातवाचा फोन आला. लेखाखालून माझा नंबर शोधला होता त्याने. आजी जाऊन सात वर्षं झाली होती. तिला दोन्ही मुलांनी शेवटपर्यंत सांभाळलं होतं, आणि आता गावातले लोक त्यांना तो मेसेज दाखवून विचारत होते. त्याचे वडील दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. "काका, तुम्हीच लिहा ना खरं काय ते," एवढंच म्हणाला पोरगा. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. वीस वर्षं मीही तुमच्यासारखंच 'फोटोला बोलू द्या' म्हणत होतो आणि त्या फोटोखाली फक्त 'एकाकी' असं लिहून मोकळा झालो होतो.

त्या रात्रीपासून मी गोष्टी लिहितो. तुम्हाला त्या लांबलचक वाटत असतील तर वाचू नका, खाली सरका, फोटो मोठाच दिसतो. पण त्यांना कुबड्या म्हणू नका. त्या पोराच्या बापासमोर उभं राहून म्हणून दाखवा, मग मानेन.

वारीचे फोटो पुरे झाले, हे तुम्ही ठरवणार कोण? दरवर्षी नवी माणसं चालतात. परवानगीबद्दल विचारलंत, तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. या लेखातल्या सात जणांना मी प्रिंट नेऊन दिली आहे, आत्तापुरतं एवढं पुरे. आणि चारच फोटो बरे वाटले तर चार पाहा. आवड ज्याची त्याची.

बैलगाड्याखालचा आकडा बदलला आहे. पाचव्या फोटोखालची गोष्ट मात्र एका शब्दानेही कमी करणार नाही. उलट पहिली ओळ आज ठळक केली: 'दिवे घाट, १९९६. जाऊ पाणी आणायला गेली आहे.'