ग्राहकास समजावले

परवा मी माझा अपमान स्वतःच्या सहीनिशी मान्य केला. गॅसवाल्यांच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'प्रेशर ओके. ग्राहकास समजावले.' खाली मी सही ठोकली, कारण पेन त्यांचं होतं आणि त्यांना पुढे भांडुपला जायचं होतं.

तक्रार एवढीच, की पाइपचा गॅस आल्यापासून मधल्या बर्नरवर पोळी फुगत नाही. ही म्हणाली, "अहो, प्रेशर कमी आहे." मी शेगडी उलटी करून बुडाची पाटी वाचली. 2.942 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, पुढे 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. पाइपातून येतो 21 मिलिबार. मोबाइलवर आकडेमोड केली, तर 30 ग्रॅम म्हणजे 29.4 मिलिबार. म्हणजे सरळ सरळ पाव हिश्श्याहून जास्त गॅस खाल्ला! मी तक्रार नोंदवली. बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस, आकड्यांत मला कोण फसवणार?

गॅसवाल्यांचा पोरगा आला. इंग्रजी यू आकाराची काचेची नळी, दोन्ही बाजूंना निम्म्यापर्यंत पाणी. रबरी पाइप जोडला, कॉक उघडला. एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर चढलं आणि 107 मिलिमीटरवर थांबलं. "21 मिलिबारला पाणी 214 मिलिमीटर हवं ना? निम्मंच आहे!" मी ओरडलो.

"बघू, बघू," करत चौथ्या मजल्यावरचे काका आत. जिन्यात कोणाच्याही खांद्याला हत्यारांची पिशवी दिसली, की काका मागोमाग येतात. लालबागच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. 82 च्या संपानंतर बॉयलर विझला, काका नाही विझले.

"इंचात बोल रे," ते पोराला म्हणाले. "आम्ही चिमणीचा ड्राफ्ट इंचात बघायचो."

"आठ इंच चार दशांश, काका."

"पाण्याचे ना? मग पाउंडात किती, दर चौरस इंचाला?"

पोराने मोबाइल काढला. "0.3."

काकांनी चष्मा पुसला. "तीन पाउंड?"

"शून्य पूर्णांक तीन."

"अरे, आमच्या बॉयलरला शंभर पाउंड वाफ असायची! पाव पाउंडाच्या वर थोडं, त्यात काय भाजणार, पापड?" काका माझ्याकडे वळले. "तू भांड. मी आहे."

मला अंगात बळ आलं. तेवढ्यात मुलीने आतून हाक दिली, "बाबा, पास्कलमध्ये 2100 होतात." काकांचा चेहरा खुलला. "हे बघ, दम दिला तसं वाढलं!"

पाऱ्यात मोजलं तर पावणेसोळा मिलिमीटर, हे मीच काढलं, कारण माझं बीपी पाऱ्यात असतं. डॉक्टरकडे मागच्या महिन्यात वरचं 140 निघालं होतं. म्हणजे माझ्या नसांत पाइपातल्यापेक्षा नऊपट प्रेशर आहे आणि पोळी फुगवायला हे पैसे घेणार! मलाच शेगडीला जोडा. काका याला मनापासून हसले नाहीत. त्यांचं 160 आहे.

तसं एककांचं मला वावडं नाही. आपण जागा चौरस फुटांत घेतो, पडदे मीटरवर. सराफाकडे तोळा म्हणजे आता दहा ग्रॅम, मूळचा 11.66 होता. जुन्या मापातून नव्यात जाताना गिऱ्हाईकाच्या पदरात जास्त पडलं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

पोरगा शांत होता. त्याने नळीवर बोट ठेवलं. "साहेब, पाणी इकडे 107 चढलंय, तिकडे 107 उतरलंय. दोन्हींची बेरीज करायची. 214. 10.2 मिलिमीटर पाण्याला एक मिलिबार, म्हणून भागिले 10.2, बरोब्बर 21. कॉमर्सचे का तुम्ही?"

काका म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

पुढचं त्याने पाना चालवता चालवता सांगितलं. 30 ग्रॅमची पाटी सिलिंडरसाठी. पाइपचा गॅस कमी दाबानेच देतात, आणि तेवढ्याच घनफळात त्याची उष्णताही सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी. म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं लागतं. त्याने मधला जेट काढून उजेडात धरला. "हा सिलिंडरचाच राहिलाय."

आता मला राग येतो तो इथे. जोडणीच्या दिवशी आलेला गडी "तिन्ही बदलले, साहेब" म्हणून सही घेऊन गेला होता. दोन महिने आम्ही चपट्या पोळ्या खाल्ल्या, मी हिच्या कणकेला नावं ठेवली, तिने माझ्या आईला. आणि फॉर्मवर काय? ग्राहकास समजावले. "जेट चुकीचा होता, हे लिहा ना," मी म्हटलं. तर म्हणे, त्याला वेगळा रकाना नाही.

जेट आज पिशवीत नव्हता. गुरुवारी येईल. व्हिजिटचे पैसे मात्र आजच घेतले.

काल जिन्यात काका भेटले. सोबत दुसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू होते. "हे आमचे बँकवाले," काकांनी ओळख करून दिली, "यांना नळीची एकच बाजू दिसते."